लाल लेसचे बूट

आमच्या कप्तानाची गोष्ट शहरात बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण ती चुकीची सांगतो. कोणी म्हणतं, त्यानं स्वतःच्या पायातले बूट काढून समोरच्या टीमला दिले आणि स्वतः अनवाणी खेळला. कोणी म्हणतं, हे फायनलला घडलं. एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी ह्यावर बसवलेलं नाटक पाहिलं, त्यात कप्तान पांढऱ्या धोतरात होता. धोतरात फुटबॉल! मी मधेच उठून बाहेर आलो. त्या मॅचला मी गोलमध्ये उभा होतो, त्यामुळे काय झालं ते मला माहीत आहे. आणि एक गोष्ट कोणी कधीच सांगत नाही, ती म्हणजे त्यातले सगळ्यात चांगले बूट माझे होते.

राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये औरंगाबादची टीम एक सीझन खेळली. एकच. शहराचं नाव तेव्हा तेच होतं, आणि मोबाइल नुकते आले होते. आमच्यात तो फक्त सेक्रेटरीसाहेबांकडे होता, आणि ते तो शर्टाच्या खिशात असा ठेवायचे की अर्धा बाहेर दिसावा. ह्या शहरात फुटबॉल आहे हेच लोकांना पटत नाही. पुण्या-मुंबईचा माणूस 'तुमच्याकडे? फुटबॉल?' असं विचारून वर हसतो. अरे बाबा, निजामाच्या काळापासून छावणीत पलटणी खेळायच्या. पोलीस ॲक्शन झाली, झेंडा बदलला, पलटणी बदलल्या, चेंडू तिथंच राहिला. शहागंज, जिन्सी, रोशन गेटच्या पोरांनी तो उचलला. आमचे उस्ताद त्यातलेच. त्यांचे वडील छावणीत खेळलेले, ते स्वतः जन्मभर मुरमाच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे राहिलेले. आम्हाला त्यांनीच घडवलं, आणि त्याबद्दल त्यांना कोणी चहाही विचारला नाही.

टीममधली निम्मी पोरं मोहल्ल्यांतली आणि निम्मी आजूबाजूच्या गावांतली. कप्तान फुलंब्रीचा. पहाटेच्या एसटीनं यायचा, प्रॅक्टिस करून चिकलठाण्याच्या एका कंपनीत टेंपररी म्हणून कामाला जायचा आणि संध्याकाळी परत एसटीनं घरी. तो स्टॉपर खेळायचा, म्हणजे माझ्या अगदी समोर. उंच, जरासा पोक काढून चालणारा, मैदानावर कधी आवाज न चढवणारा. त्याच्या वाटचंही मीच ओरडायचो. गोलकीपरला दुसरं काम काय असतं? चेंडू येईपर्यंत उभं राहून सगळ्यांच्या चुका बघायच्या आणि बोंबलायचं. ते मला जन्मतःच जमत होतं. मी एका शाळेत क्लार्क होतो आणि तिथंही मला सगळे वचकून असायचे. एकाच गोष्टीवरून मला चिडवायची सोय होती. माझे पाय लहान आहेत. सहा नंबर. एवढा आडदांड गोलकीपर आणि बाईचे पाय, असं म्हणून पोरं लई हसायची.

आता खरी गोष्ट. नोकरीसाठी कप्तानाच्या वयाचं ते शेवटचं वर्ष होतं. खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागायची तर वयाची अट असते, आणि ती अट त्या वर्षाअखेर तो ओलांडणार होता. एका महामंडळाचे साहेब आमच्या मॅच बघायला यायचे. खेळाची आवड असलेला माणूस, असं सगळे म्हणायचे. त्यांनी सगळ्या टीमसमोर कप्तानाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तू फक्त फायनल राउंड खेळून ये. तेवढं असलं की राष्ट्रीय पातळीचा खेळाडू म्हणून धरता येतं. मग तुझी ऑर्डर मी काढतो." कप्तानाला बायको होती, दोन पोरी होत्या, आणि कंपनीतला मुकादम केव्हा उद्यापासून येऊ नको म्हणेल त्याचा भरवसा नव्हता. त्या दिवसापासून आमच्यात कोणी कपाबद्दल बोलेना. जिंकलो की पोरं म्हणायची, कप्तानाची नोकरी जवळ आली. हरलो की मी ड्रेसिंग रूममध्ये ओरडायचो, लाज वाटत नाही का रे, माणसाच्या पोटावर पाय देता?

सीझनभर आम्ही स्लीपरच्या डब्यांतून देश पालथा घातला. समुद्राकाठच्या एका गावात ओल्या गवतावर खेळलो. आमच्या पोरांनी एवढं हिरवं मैदान कधी पाहिलेलं नव्हतं. ती वाकून गवताला हातच लावत बसली, आणि आम्ही तिथं सपाटून हरलो. पण घरच्या मैदानावर आम्हाला कोणी हात लावू शकलं नाही. मुरमावर चेंडू कुठं कसा उसळेल ते आम्हाला डोळे मिटून कळायचं. ग्रुपमधल्या पहिल्या दोन टीम फायनल राउंडला जाणार होत्या. शेवटची मॅच आली तेव्हा आम्ही दुसरे होतो आणि आमच्या मागे एकाच पॉइंटाच्या अंतरावर ईशान्येकडची एक टीम. नेमकी त्यांच्याशीच मॅच, आणि तीही आमच्या मैदानावर. आम्हाला ड्रॉ पुरेसा होता. मी नवे बूट घेऊन ठेवले. फायनल राउंडसाठी. काळे, आणि त्यांना मी मुद्दाम लाल लेस ओवली, म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये कोणी उचलून नेणार नाही. आणि ते बूट फायनल राउंडला गेलेही. दुसऱ्याच्या पायात.

पाहुणी टीम मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी आली. आम्ही त्यांना घ्यायला स्टेशनवर गेलो होतो. तसा रिवाजच होता आमचा. उस्ताद म्हणायचे, मैदानावर दुश्मन, स्टेशनवर मेहमान. पोरं उतरली ती तोंडं पाडूनच. देशाच्या पार त्या टोकाहून बसल्या जागी मान टाकून झोपत आलेली पोरं. त्यांचा मॅनेजर मोडक्या हिंदीत सांगत होता. मनमाडला गाडी बदलताना सामान प्लॅटफॉर्मवर मांडलं, पोरं पाणी प्यायला नळावर गेली, परत येऊन बघतात तर बुटांचं पोतं गायब. बाकी सगळं होतं. जर्सी होत्या, मोजे होते. सगळ्या टीमचे बूट तेवढे गेले. सगळी पोरं स्लिपरा घालून आमच्यासमोर उभी होती.

मॅच कमिशनर म्हणून बाहेरून एक गृहस्थ आले होते. त्यांनी नियम सांगितला. उद्या मॅचच्या वेळेला पायात फुटबॉलचे बूट नसतील तर पंच उतरू देणार नाही, मॅच यजमानांची. आमच्या शहरात तेव्हा खेळाच्या दुकानांत बॅटींचा ढीग असायचा आणि फुटबॉलचे बूट असले तर एखाद-दोन जोड, तेही धूळ खात. म्हणजे वॉकओव्हर. म्हणजे फायनल राउंड. म्हणजे कप्तानाची नोकरी! मी लपवत नाही, मला इतका आनंद झाला की स्टेशनबाहेरच्या टपरीवर मी सगळ्यांना चहा सांगितला. पाहुण्यांनाही. मनात म्हटलं, प्या बाबांनो, तुमचे उपकार आहेत.

कप्तानानं चहा घेतला नाही. तो त्या पोरांच्या पायांकडे बघत होता. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, "स्कूटर आणली का तू?"

मला वाटलं घरी सोड म्हणतोय, बायकोला बातमी सांगायची असेल. मी म्हटलं, "आणली. चाल."

बसल्यावर म्हणाला, "शहागंजात घे. बूट गोळा करू."

"कोणाचे?"

"आपल्या पोरांचे. ज्याच्याकडं दुसरा जोड असंल त्याचे."

"आणि कोणासाठी?"

"त्यांच्यासाठी," तो म्हणाला, आणि मी भर रस्त्यात स्कूटर थांबवली. मागचा रिक्षावाला मला काय काय बोलला ते इथं लिहीत नाही. मी कप्तानाला त्याहून वाईट बोललो. तुला अक्कल आहे का, असं विचारलं. साहेबांनी दिलेला शब्द विसरलास का, असं विचारलं. पोरींची तोंडं आठव म्हटलं. तो खाली बघत ऐकून घेत होता.

"ड्रॉ तर पायजे फक्त," तो म्हणाला. "ड्रॉ नाय व्हणार का आपल्याच्यानं?"

"न खेळता मिळतंय ते सोडून?"

"एवढ्या लांबून आलेत रे ते. तसंच परत धाडायचं व्हय?"

"हो! तसंच! मनमाडला पोतं मी उचललं का?"

"तू नाय उचललं. पण आलेत तर आपल्या दारात." मग माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली. "फिरव. उशीर व्हतोय."

मी स्कूटर का फिरवली ह्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कप्तान होता म्हणून फिरवली, एवढंच. मैदानावर तो म्हणायचा तिकडे आम्ही सरकायचो, तीच सवय. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही. स्कूटर माझी, पेट्रोल माझं, आणि मी माझ्याच मित्राची नोकरी गल्लोगल्ली वाटत फिरत होतो.

आधी आम्ही उस्तादांकडे गेलो. मला आशा होती की म्हातारा तरी त्याला झापेल. उस्ताद ऐकून उठले, खाटेखालचं खताचं रिकामं पोतं काढून झटकलं आणि कप्तानाच्या हातात दिलं. "मेहमान हैं बा," म्हणाले. "नंगे पाँव थोडी खेलाते मेहमानां को. और सुन, रात का खाना यहींच. देग चढाने को बोलतूँ मैं." मी म्हटलं, उस्ताद, इसकी नौकरी जाएगी. तर म्हणाले, "ऐसा नक्को बोलो मियाँ. खेल के लेता ना वो." झालं. दोन शहाणे एकत्र आले.

शहागंजातून जोड मिळाले, रोशन गेटला मिळाले. जिन्सीत एक जुना खेळाडू होता, त्याचे बूट भिंतीवर खिळ्याला टांगलेले. लाकडासारखे कडक झालेले. त्याच्या बायकोनं ते इतक्या आनंदानं काढून दिले की जणू घरातली अडगळच गेली. एका पोरानं विचारलं, कप्तान साब, किसके लिए? ह्यानं खरं सांगितलं. पोरगं माझ्याकडे बघून म्हणालं, दिमाग तो ठिकाने पे है ना इनका? मी म्हटलं, बेटा, मीही दुपारपासून तेच विचारतोय. पण त्यानंही आत जाऊन बूट आणलेच. हे शहरच तसलं. घर मोडून मांडव घालणाऱ्यांचं. प्रत्येक ठिकाणी मला वाटायचं, आता तरी कोणी नाही म्हणेल. कोणी म्हटलं नाही. प्रत्येक दारातून कप्तान पोतं जरा जड करून बाहेर यायचा, मागे बसायचा आणि म्हणायचा, "फिरव."

संध्याकाळी उस्तादांच्या अंगणात पोतं उपडं केलं. पाहुणी पोरं भोवती बसून जोड लावून बघायला लागली. हसायला लागली. दुपारची पडलेली तोंडं कुठल्या कुठे गेली. जिन्सीचे ते लाकडी बूट एकानं तेल लावून मऊ केले. शेवटी एकटा त्यांचा फॉरवर्ड उरला. बुटकासा, चपळ पोरगा, सीझनभर त्यानं गोलांचा सपाटा लावलेला. त्याला एकही बूट होईना. सगळे मोठे. मोज्यांवर मोजे घालून पाहिले, तरी टाच बाहेर येई.

 कप्तानानं माझ्या पायांकडे बघितलं.

मी म्हटलं, नाही. तो अजून बघतच होता. मी म्हटलं, मरेन पण देणार नाही. उस्तादही बघायला लागले. मग सगळं अंगण माझ्या पायांकडे बघायला लागलं. मी स्कूटरला लाथ मारून घरी गेलो, नवे बूट आणले आणि त्या पोरासमोर फेकले. आपटलेच म्हणा ना. त्यानं ते दोन्ही हातांनी उचलले, पायात घातले, उभा राहिला. अगदी मापाचे. लाल लेस बांधता बांधता माझ्याकडे बघून इतकं गोड हसला की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग नान खलिया झाला, म्हणजे नान आणि मटणाचा तिखट रस्सा. उस्तादांनी मोहल्ला कामाला लावला होता. हा प्रकार पोटात गेला की माणूस उठत नाही, झोपतोच. पाहुणी पोरं तिखटाला घाबरून जपून खात होती, आणि आमची पोरं यजमान म्हणून त्यांना सोबत देत होती, म्हणजे नानवर नान रिचवत होती. दुसऱ्या दिवशी मॅच आहे हे आठवण करून देणारा मी एकटाच. मला सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं.

सेक्रेटरीसाहेबांना हे कळलं तेव्हा ते आधी पांढरेफटक पडले. मग त्यांनी खिशातला मोबाइल काढला आणि पेपरवाल्यांना बोलावलं. मॅचच्या आधी मैदानावर फोटो झाला. मधे सेक्रेटरी, एका बाजूला आमचा कप्तान, दुसऱ्या बाजूला त्यांचा, आणि समोर मांडलेलं रिकामं पोतं. महामंडळाचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळ्या त्या.

मॅच मी आजही तपशिलात सांगू शकतो, पण मला ते आवडत नाही. आम्ही वाईट खेळलो नाही. सुरुवातीला आमचाच जोर होता. आमचा एक फटका बारला लागला. कप्तान त्या दिवशी असा खेळला की बघणाऱ्यानं बघत राहावं. त्या बुटक्या फॉरवर्डला त्यानं खिशात घालून ठेवलं होतं. आदल्या दिवशी दुपारपासून वणवण करून, वर रात्री पोटभर खलिया खाऊनही. खेळ संपत आला तरी शून्य-शून्य होतं. पोरं मला ओरडून विचारत होती, अजून किती? आणि मी ओरडत होतो, चेंडूकडे बघा!

त्यांनी एक लांब चेंडू टाकला. मुरमावर तो उंच उसळला. कप्तान उडाला, पण त्याचा पाय जमिनीवरून नेहमीसारखा सुटला नाही. जड झाला होता. एवढासाच उशीर झाला. चेंडू त्याच्या डोक्याला चाटून मागे पडला आणि त्या पोरानं तो उतरता उतरताच मारला. मला चेंडू दिसलाच नाही. मला लाल लेस दिसली. माझ्या डावीकडून चेंडू खालून आत गेला आणि मी मुरमात तोंडावर पडलो.

हरलो. ते दुसरे आले, आम्ही तिसरे.

संध्याकाळी त्यांच्या लॉजवर बूट परत घ्यायला गेलो. त्यांनी सगळे बूट धुऊन, तळव्यांतला मुरूम कोरून, जोड जोड बांधून त्याच पोत्यात भरून ठेवले होते. मॅनेजर कप्तानाचे हात सोडेना. तो फॉरवर्ड माझे बूट घेऊन पुढे आला. मी हात पुढे केला, तेवढ्यात कप्तान त्याला म्हणाला, "रहने दो."

"अरे, माझे आहेत ते!" मी म्हणालो.

"घेऊन जाऊ दे त्याला. त्याला पुढं खेळायचंय," कप्तान म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आपल्याला कुठं खेळायचंय आता?"

सीझनभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो मी, पोतं खांद्यावर टाकून जिना उतरलो.

पुढच्या आठवड्यात सत्कार झाला. पेपरात मोठा फोटो आला होता, औरंगाबादकरांची दिलदारी, वगैरे. सत्काराला शहरातली सगळी मोठी माणसं आली. ज्यांनी सीझनभर एक मॅच पाहिली नव्हती तीही आली. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, आपण मॅच हरलो पण मनं जिंकली. आणि त्याच महिन्यात टीम बंद केली. कप्तानाला शाल घातली ती महामंडळाच्या साहेबांनी, स्वतःच्या हातानं. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, साहेब, ऑर्डर? ते म्हणाले, "नियमात बसत नाही हो. फायनल राउंड पाहिजे ना. आता हा माणूस सोनं आहे, वादच नाही. पण नियम म्हणजे नियम." मी म्हटलं, वॉकओव्हर घेतला असता तर बसलं असतं? "बसलं असतं की," ते म्हणाले, आणि जेवायला गेले.

राग मला तेव्हापासून आहे. बरीच वर्षं तो कप्तानावर होता. कंपनीनं त्याला पुढच्या दिवाळीला काढलं. त्यानं म्हशी घेतल्या. आता फुलंब्रीहून मोटरसायकलला कॅन लावून शहरात दूध घालतो. गुडघे गेलेत, जिने चढताना रेलिंग धरतो. दर वर्षी क्रीडादिन आला की कोणाला तरी त्याची आठवण होते. बोलावतात, गोष्ट सांगतात, टाळ्या वाजवतात आणि शाल घालतात. एवढ्या शाली जमल्यात की त्या तो थंडीत वासरांच्या अंगावर टाकतो. मी एकदा सकाळी गेलो तर गोठ्यात तीन वासरं उभी, तिघांचाही सत्कार झालेला. मी खूप हसलो. तोही हसला. मग मला भयंकर राग आला आणि मी चहा न पिता परत आलो.

ह्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. सकाळचा कार्यक्रम, हॉलमध्ये, नंतर जेवण. गुडघ्यांमुळे दूध घालून आल्यावर त्याला पुन्हा मोटरसायकल नको वाटते, म्हणून मी त्याला माझ्या स्कूटरवर घेऊन गेलो. अध्यक्ष म्हणून कोण बसलं असावं? तेच साहेब. निवृत्त झालेले, केस पिकलेले, शहरातले ज्येष्ठ क्रीडाप्रेमी. निवेदिकेनं गोष्ट सांगितली. अनवाणी पाय, रक्ताळलेले तळवे, सगळं. माझं नाव नाही, बुटांचं नाव नाही. साहेबांनी शाल घातली. मग निवेदिका म्हणाली, कप्तान, दोन शब्द.

तो एरवी धन्यवाद म्हणून खाली बसतो. ह्या वेळी त्यानं माइक धरला आणि नीट उभा राहिला.

"तवा मला नोकरीची लई गरज व्हती," तो म्हणाला. "बूट दिले त्याचं काय नाय. ते पुन्हा बी दिले असते. पण एवढ्या टाळ्या वाजवल्या तुम्ही, एवढे सगळे मोठे लोक व्हते, तर एक नोकरी द्यायला पायजे व्हती."

सगळा हॉल हसला. साहेब तर डोळे पुसत हसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कप्तान टाळ्या थांबायची वाट बघत उभा राहिला. थांबल्यावर म्हणाला, "गंमत नाय केली मी." आणि हॉल पुन्हा हसला, आधीपेक्षा जास्त. निवेदिका म्हणाली, काय हा निर्मळ स्वभाव!

तो खाली आला आणि म्हणाला, "चाल." आम्ही जेवलो नाही. इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टीवर चिडत होतो. मी बुटांवर चिडत होतो. त्याला बुटांचं काहीच नव्हतं. तो ह्या लोकांवर चिडलेला होता, पहिल्या शालीपासून, आणि मला कधी बोलला नव्हता. मला वाटायचं त्याला राग येतच नाही. फुलंब्रीच्या रस्त्याला हर्सूलपर्यंत आलो. मागे तो शालीची घडी करत होता, वाऱ्यानं ती फडफडत होती. सिग्नलला मी थांबलो.

"फिरव," तो म्हणाला.

ह्या वेळी मी काही विचारलं नाही. स्कूटर वळवली आणि होती तेवढ्या वेगानं हाकली.

हॉलच्या मागच्या मांडवात पंगत बसली होती. साहेब मधोमध, पुढ्यात पुरी, भाजी, श्रीखंड. कप्तान रेलिंग नसताना दोन पायऱ्या चढला, त्यांच्यासमोर गेला आणि घडी केलेली शाल त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"अरे, कप्तान! बसा, जेवून जा," साहेब म्हणाले.

"साहेब, मघाशी मी गंमत नव्हती केली."

साहेबांच्या हातात पुरीचा तुकडा होता, तो हातातच राहिला. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. कप्तान उभा होता, मी त्याच्या मागे उभा होतो, आणि ह्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.